आक्काचं प्रोफाइल बंद होईना

आक्काचा डावा कान गेला त्याला आता दोन वर्षं होतील. पडदा फाटलाय, भरून येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. पडदा भरून आला, पण ऐकू मात्र अर्धंच येतं. तो कान दाजींनी फोडला, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याआधी मी काय केलं होतं आणि त्यानंतर मी काय केलं, हे पोलिसांच्या कागदात चार ओळींत आलं आहे. मी स्वतः ते कुणाला सांगितलेलं नाही.

आक्का माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. ती शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंगला होती. सोलापुरात असे कारखाने गल्लोगल्ली आहेत. शिलाईवर बायका असतात आणि कटिंगला बहुतेक पुरुष, कारण कापडाचे शंभर-शंभर थर एकदम कापायचे असतात, मशीन जड असतं आणि पातं जरा सरकलं तर बोट जातं. आक्का ते मशीन एका हातानं फिरवायची. मालक तिला मास्तर म्हणायचा.

वडील मी बारावीत असताना गेले. ते वाईट माणूस नव्हते असं आई अजून म्हणते. पण चिडले की पट्टा काढायचे, आणि पट्टा आईवर चालायचा. मी कॉटखाली जायचो. आक्का दोन्ही हात पसरून आईच्या पुढं उभी राहायची. तिच्या दंडावर बक्कलाचा एक व्रण आहे, तो तेव्हाचा.

तिनं तिशी ओलांडली तसा आईनं लग्नाचा धोसरा लावला. आईच्या माहेरची स्थळं संपली होती. तेव्हा मीच म्हणालो, मोबाइलवर साइट आहे, तिथं टाकू. रविवारी दुपारी आम्ही दोघं उंबऱ्यात बसलो आणि मी फॉर्म भरला. चिंतामणी रंगाच्या साडीतला स्टुडिओतला फोटो होता, तो चढवला.

"छंद काय लिहू?"

"लिही, कापणं."

आम्ही दोघंही खूप हसलो. मी वाचन आणि स्वयंपाक असं लिहिलं. फुकटच्या प्रोफाइलवर फोन नंबर दिसत नव्हते, म्हणून तीन महिन्यांचं सदस्यत्व घेतलं. माझं कार्ड घातलं. खाली बारीक अक्षरांत काहीतरी होतं आणि त्याच्या पुढच्या चौकोनात आधीच बरोबरची खूण होती. मी पुढं गेलो.

त्या साइटवरून काहीच जमलं नाही. लग्न जमलं ते आईच्या ओळखीतल्या एका बाईंकडून. मुलाचं घर कुंभारीला, नोकरी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझरची. कमी बोलणारा, दारू नाही, तंबाखू नाही. आई म्हणाली, "शांत हाय. आपल्या घरात असा शांत माणूस आला पायजे." लग्न झालं. मी मोबाइलमधून ते ॲप उडवून टाकलं. काम संपलं होतं.

लग्नाला दोन महिने झाले असतील. आक्कानं कारखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीत फोन केला.

"अरे, ते माझं प्रोफाइल अजून हाय का?"

"मी तर उडवलं की."

"ह्यांच्या चुलतभावानं बघितलं. आत्ता ऑनलाइन असं लिहिलंय म्हणं त्यात. जरा बघ की."

तिचा आवाज तोंडात काहीतरी धरून बोलल्यासारखा येत होता. मी विचारलं नाही. ओठ आतून फाटला होता, हे मला नंतर कळलं.

मी ॲप पुन्हा घेतलं. सदस्यत्व चालूच होतं. तीन महिने संपल्यावर आपोआप पुढचे तीन महिने घेतले गेले होते. ते बंद कसं करायचं हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. बंद करण्याची कारणं विचारणारं एक पान शेवटी सापडलं. त्यात पहिलंच कारण होतं, लग्न ठरलं. मी ते दाबलं. तर पडद्यावर फुलं पडायला लागली आणि एक फॉर्म उघडला, आपली यशोगाथा सांगा. जोडीनं काढलेला फोटो हवा, आणि नवऱ्या मुलाचा त्याच साइटवरचा प्रोफाइल क्रमांक हवा. दाजी त्या साइटवर कधी नव्हतेच. क्रमांकाशिवाय फॉर्म पुढं जाईना.

मग मी मदतकेंद्राला फोन लावला. वाट बघत वीस मिनिटं गाणं ऐकलं. मग एक मुलगी आली, आवाज अगदी गोड.

"सर, मॅडमसाठी तर खूप छान छान स्थळं आलेली आहेत."

"त्यांचं लग्न झालंय."

"अभिनंदन सर! मग यशोगाथा भरा ना."

"लग्न तुमच्याकडून नाही जमलं."

"काही हरकत नाही सर. प्लॅन चालू ठेवा, जमेल."

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहिण्यासारखं नाही. तिनं तेवढ्याच गोडव्यानं विचारलं, आणखी काही मदत करू का. मी मोबाइल कपाटावर फेकला. लोखंडी कपाटाला पोचा पडला आणि मोबाइलची काच तडकली. आई स्वयंपाकघरातून आली. तिनं पोच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"बापावर गेलास," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याच तडकलेल्या काचेवर मी पुन्हा बसलो. कारणांमध्ये सगळ्यात खाली इतर असं होतं. ते दाबलं. नक्की का, असं तीनदा विचारलं. राहायचं असेल तर लाल मोठं बटण आणि जायचं असेल तर फिकट अक्षरं, वाचताही येऊ नयेत अशी. मी फिकट अक्षरं दाबली. आलं, आपलं प्रोफाइल आता कुणालाही दिसणार नाही. मी आक्काला फोन केला.

"काढलं बघ. सांग दाजींना."

"नक्की ना?"

"नक्की."

त्या वाक्याखाली आणखी एक ओळ होती. तीस दिवसांसाठी. ती मी वाचली नव्हती.

आक्कानं माझ्या शब्दावर दाजींना शपथ घेऊन सांगितलं. तिनं आईची शपथ घेतली होती.

बरोबर तीस दिवसांनी ते प्रोफाइल आपोआप उघडलं. उघडलं तर उघडलं, वरून जुन्या सदस्याला भेट म्हणून साइटनं ते आठवडाभर सगळ्यात वर ठेवलं. त्यावर आक्काचा नंबर होता. रविवारी दुपारी दाजी जेवायला बसले होते, आक्का भाकरी करत होती, तेव्हा तिचा फोन वाजला. पीठ लागलेल्या हातानं तिनं तो उचलला नाही. दाजींनी उचलला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडं बार्शीकडचा कुणीतरी माणूस होता. अगदी सभ्यपणे तो म्हणाला, "नमस्कार, मी तुमचं प्रोफाइल बघितलं. फोटो आवडला. एकदा भेटता येईल का?"

दाजींनी फोन शांतपणे ठेवला. मग ते उठले.

मला फोन आला तो त्यांच्या शेजारच्या बाईंचा. "तुमी तिचे भाऊ ना? लवकर या. आवाज येत हुता, आता आवाज बी यीना."

मी गाडी काढली. कुंभारीपर्यंतचा रस्ता मला आठवत नाही. दारात दाजींची आई उभी होती. "नवराबायकोचं हाय. तुमी मधी येऊ नगा," ती म्हणाली. मी तिला बाजूला सारलं.

आक्का ओटा आणि सिलिंडर यांच्या मधे बसली होती. गुडघे पोटाशी. डाव्या कानातून रक्त मानेवर, मानेवरून ब्लाउजमध्ये गेलं होतं. फरशीवर तिच्या केसांचा पुंजका पडला होता, मुळासकट उपटलेला. तवा उलटा पडला होता आणि तिच्या मनगटावर भाजल्याची लाल पट्टी उठली होती. तिनं माझ्याकडं बघितलं, पण मी काय म्हणतोय ते तिला कळत नव्हतं.

आणि दाजी जेवत होते. बाहेरच्या खोलीत, ताटावर. शेंगाचटणी, दही, भाकरी. त्यांनी घास गिळला आणि म्हणाले, "या. तुमच्यामुळंच झालंय हे. काढलं म्हणला हुता ना?"

ते खरं होतं म्हणून मला सहन झालं नाही.

माझ्या हातात हेल्मेट होतं. ते मी त्यांच्या तोंडावर मारलं. पहिल्या फटक्यालाच नाकाचं हाड मोडल्याचं कळलं, काडी मोडल्यासारखा आवाज आला. ते मागं कलंडले. ताट उलटलं, दही भिंतीवर गेलं. मी त्यांच्या छातीवर बसलो आणि मारत राहिलो. त्यांचा पुढचा दात पडला तो मी बघितला, तरी थांबलो नाही. त्यांची आई किंचाळत माझ्या पाठीवर बुक्क्या मारत होती, त्या लागत नव्हत्या. माझ्या डोक्यात रागसुद्धा नव्हता. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. महिनाभर जे कुणावर काढता येत नव्हतं, ते निघत होतं. त्या गोड आवाजावर काढता आलं नव्हतं, त्या फिकट अक्षरांवर काढता आलं नव्हतं. इथं एक तोंड होतं आणि ते हाताला लागत होतं.

कुणीतरी मागून माझा हात धरला. मी न बघताच कोपर मागं मारलं, पूर्ण ताकदीनं.

ती आक्का होती. ती उठून मला थांबवायला आली होती. कोपर तिच्या भुवईवर बसलं, ती चौकटीवर आपटली आणि खाली बसली. भुवई फुटली. मी वळलो आणि तिच्याकडं झेपावलो, उचलायला. तर तिनं दोन्ही तळहात तोंडापुढं धरले आणि मान खांद्यात घातली.

लहानपणी आईसमोर उभी राहायची तेव्हा तिनं कधी हात तोंडापुढं धरले नव्हते. ती पसरून उभी राहायची. आता माझ्यापुढं तिनं धरले.

दाजी कण्हत होते. माझ्या हातातून हेल्मेट पडलं.

शेजारच्या बाईंनी रिक्षा बोलावली. सरकारी दवाखान्यात आक्काला भुवईवर पाच टाके पडले, कानात कापूस घातला. दाजींना त्यांच्या भावकीनं दुसरीकडं नेलं. दवाखान्यातून आम्ही पोलीस चौकीत गेलो. आधी तक्रार नको असं मी म्हणत होतो, कारण मीही मारलं होतं. आक्का म्हणाली, "मला लिहायची हाय."

चौकीत एक महिला हवालदार होत्या, पन्नाशीच्या. त्यांनी चहा मागवला आणि लिहायला घेतलं. आक्का एकेक सांगत गेली. पहिल्या आठवड्यातली चापट. बाजारातून यायला उशीर झाला म्हणून पायावर घातलेला पाट. ओठ. हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. प्रोफाइलचं कारण त्यात खूप नंतर आलं.

"आणि भुवईवरचं?" हवालदारबाईंनी विचारलं.

"ते भावानं."

"आक्का, चुकून लागलं ते," मी म्हणालो.

"व्हय. चुकून, असं लिहा," आक्का बाईंना म्हणाली. "पण लिहा."

हवालदारबाईंनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि लिहिलं. त्यावर मीही सही केली.

तेवढ्यात टेबलावरचा आक्काचा फोन वाजला. अनोळखी नंबर. हवालदारबाईंनी उचलला. पलीकडून कुणीतरी म्हणालं, आपलं प्रोफाइल बघितलं. बाई म्हणाल्या, "पोलीस चौकीतून बोलतेय. तुमचं नाव सांगा." फोन कट झाला. मग पाचच मिनिटांत आणखी एक आला. बाईंनी तो बंद करून उलटा ठेवला. "हे आधी बंद करा," त्या मला म्हणाल्या. "केस कोर्टात गेल्यावर हेच दाखवतील ते."

सोमवारी मी बँकेत गेलो. एवढ्या दिवसांत बँकेत जायचं मला सुचलंच नव्हतं. मी त्या साइटशीच भांडत बसलो होतो. खिडकीवरच्या बाईंनी माझं खातं उघडलं, स्क्रीन माझ्याकडं वळवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. त्या कंपनीला दर तीन महिन्यांनी परस्पर पैसे घ्यायची मी दिलेली परवानगी तिथं होती. "रद्द करू?" त्यांनी विचारलं. एका कागदावर सही घेतली. दोन मिनिटंही लागली नाहीत.

"पहिल्या दिवशीच आला असता तरी झालं असतं," त्या सहज म्हणाल्या आणि पुढच्या माणसाकडं वळल्या. मी बाहेर आलो आणि बँकेच्या भिंतीवर मूठ आपटली. दोन बोटांची सालपटं निघाली. वॉचमन उठून उभा राहिला, तेव्हा मी गाडीकडं गेलो.

पैसे जाणं थांबलं, पण घेतलेले तीन महिने शिल्लक होते आणि प्रोफाइल दिसतच होतं. घरी आक्का कॉटवर पडून होती. मी तिला सगळं सांगितलं, तिच्या उजव्या कानाशी, जोरात. तिनं हात पुढं केला. "दे तो फोन."

तिनं मी गेलो होतो त्याच वाटेनं जाऊन लग्न ठरलं हे कारण दाबलं. पडद्यावर फुलं पडली. यशोगाथेचा फॉर्म आला. नवऱ्याच्या क्रमांकाच्या जागी तिनं स्वतःचाच प्रोफाइल क्रमांक टाकला. तो चालला. इतक्या दिवसांत मला हेही सुचलं नव्हतं. फोटोच्या जागी तिनं पोलिसांसाठी दवाखान्यात काढलेला फोटो चढवला. कानात कापूस, भुवईवर टाके, एक डोळा पूर्ण मिटलेला. मग गोष्टीच्या चौकोनात ती सावकाश टाइप करत गेली. मी खांद्यावरून वाचत होतो.

लग्न झालं. नवरा मारतो. तुमच्यामुळे नाही, तो मारणाराच होता. पण माझा नंबर अजून तुमच्याकडे आहे आणि माणसं फोन करतात. माझा भाऊ सांगून दमला. मी दमलेली नाही. काढा.

"असं लिहू नकोस, आक्का," मी म्हणालो. "सगळ्यांना दिसंल."

"दिसू दे की."

तासाभरात कंपनीचा फोन आला. पुरुषाचा आवाज होता, गोड वगैरे काही नाही, घाबरलेला. तो फोटो नियमात बसत नाही, तो काढून दुसरा टाकावा, अशी विनंती तो करत होता.

"फोटो नगं तर प्रोफाइल काढा," आक्का म्हणाली.

"मॅडम, त्याची प्रोसेस—"

"मी फोन ठेवत न्हाय. तुमी करा प्रोसेस. मी हितंच हाय."

पलीकडं टाइप केल्याचा आवाज येत राहिला. आक्का फोन उजव्या कानाला लावून भिंतीकडं बघत बसली होती. आई दारात येऊन उभी राहिली. बऱ्याच वेळानं तो माणूस म्हणाला, "झालं मॅडम. कायमचं." मी माझ्या फोनवर शोधलं. तिचं नाव टाकून बघितलं, सोलापूर टाकून बघितलं. नव्हतं.

मला रडू आलं. आक्काला नाही आलं. ती म्हणाली, "प्रोफाइल नसतं तर डाळीत मीठ कमी म्हणून मारलं असतं त्यानं. ते तू मनाला लावून घेऊ नगंस." मग म्हणाली, "दुसरं लावून घे."

पंधरा दिवसांनी टाके निघाल्यावर ती पुन्हा कारखान्यात गेली. मालकानं तिला कटिंगवरून काढायचं म्हटलं, ऐकू येत नाही तर मशीनचा अंदाज कसा येणार म्हणून. तिनं त्याच्यासमोर शर्टाचे शंभर थर कापून दाखवले. ती आमच्याकडं मात्र राहिली नाही. शिलाईवरच्या एका बाईंबरोबर तिनं अशोक चौकाजवळ खोली घेतली. आई रडली, म्हणाली, "पोरी, भावाचं घर असताना?"

"मला झोप लागत न्हाय गं हितं," आक्का म्हणाली. मी तिथंच उभा होतो. तिनं ते माझ्यापासून लपवून सांगितलं नाही.

मी रविवारी तिच्याकडं जातो. ती चहा करते, कारखान्यातलं सांगते, हसतेसुद्धा. मी उठताना किंवा काही घ्यायला हात लांब करताना ती किंचित मागं सरते. तिला ते कळतं की नाही, मला माहीत नाही. मी आता तिच्या खोलीत हळू हलतो.

दोन्ही केस चालू आहेत, तिची दाजींवरची आणि दाजींची माझ्यावरची. गेल्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात आम्ही समोरासमोर आलो. दाजींनी नवीन दात बसवलाय. त्यांच्याबरोबर तो चुलतभाऊ होता. आक्काच्या जवळून जाताना तो म्हणाला, "नवीन प्रोफाइल काढलं का न्हाय अजून?" त्याला वाटलं असेल डाव्या बाजूनं बोलतोय, तिला कळणार नाही. तिला कळलं. मलाही कळलं, आणि माझी मूठ वळली. दोन पावलांवर त्याचं तोंड होतं.

"खिशात घाल तो हात," आक्का समोर बघत म्हणाली.

मी घातला. पुकारा व्हायला अजून तासभर होता. तेवढा वेळ मी तिच्या शेजारी बाकावर बसून राहिलो. खिशात मूठ उघडत नव्हती.